बायबल कुणी लपविले?

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील तरुणांसाठी एक सायंकालीन चर्चासत्र झाले. विषय होता 'पवित्र शास्त्र आणि आपण'. व्याख्यान संपले, प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि महाविद्यालयात शिकणारा एक तरुण उठून उभा राहिला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. होती ती ठाम खात्री. तो म्हणाला, ''फादर, आज तुम्ही आम्हांला बायबल वाचा म्हणून सांगता. पण तुमच्याच ख्रिस्तसभेने हजार वर्षे ते साखळदंडांनी बांधून मठांच्या कुलपात ठेवले होते. लोकांना कळू नये म्हणूनच ते लॅटिनमध्ये ठेवले. मठातल्या संन्याशांना तरी त्यातले काय समजत होते? एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवायचे, एवढेच. जगापासून पळून गेलेली ती माणसे!''

तरुणाच्या बोलण्याचा आम्हांला राग आला नाही. खेद झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पुढच्या रांगेत बसलेल्या दोन-तीन वडीलधाऱ्या मंडळींनी संमतीदर्शक माना डोलावल्या. ज्यांनी आयुष्यभर मिस्सा चुकविली नाही, त्यांनाही आपल्या पूर्वजांविषयी हेच वाटत होते! वेळ संपत आली होती. आम्ही दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले आणि ते आमचे आम्हांलाच पटले नाही. त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आरोप तीन आहेत. ख्रिस्तसभेने बायबल लपविले, हा पहिला. मठवासी आंधळे नकलाकार होते, हा दुसरा. ते जगापासून पळालेले, कुणाच्या उपयोगी न पडणारे लोक होते, हा तिसरा. अशा आरोपांना सर्वसाधारण विधानांनी उत्तर देण्यात अर्थ नसतो. विधानाला विधान भिडते आणि वाद तेथेच राहतो. म्हणून आम्ही एक साक्षीदार उभा करणार आहोत. तो साक्षीदार माणूस नाही, एक ग्रंथ आहे. त्याचे वय तेराशे वर्षांहून अधिक आहे आणि तो आजही इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत, लॉरेन्शियन ग्रंथालयात पाहावयास मिळतो. 'कोडेक्स आमियातिनुस' हे त्याचे नाव.

संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी बायबलचे जे लॅटिन भाषांतर सिद्ध केले, त्याला पुढे 'वुल्गाता' हे नाव पडले. वुल्गाताची संपूर्ण बायबल एकाच खंडात असलेली जी हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत, त्यांत हा ग्रंथ सर्वांत प्राचीन होय. त्याची पाने सुमारे १,०३० आहेत. पाने कागदाची नव्हेत, वासराच्या कातड्यापासून तयार केलेल्या चर्मपत्राची आहेत. एका कातड्यातून अशी दोन पाने निघत. म्हणजे या एका ग्रंथासाठी पाचशेहून अधिक वासरांची कातडी लागली. पानाची उंची सुमारे ५० सेंटीमीटर, ग्रंथाची जाडी वीतभराहून अधिक आणि वजन ३४ किलोच्या आसपास. एकट्या माणसाने तो उचलून चालू लागावे, असा हा ग्रंथ नव्हे.

हे सारे घडले कोठे? रोममध्ये नव्हे, कॉन्स्टँटिनोपलमध्येही नव्हे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर नॉर्थंब्रिया नावाचे राज्य होते. ख्रिस्ताचा संदेश तेथे पोहोचून जेमतेम दोन पिढ्या झाल्या होत्या. त्या राज्यातील बेनेडिक्ट बिस्कोप नावाच्या सरदाराने वयाच्या पंचविसाव्या वर्षी राजसेवा सोडली, मठवासी व्रत घेतले आणि इ. स. ६७४ मध्ये वेअर नदीच्या मुखाशी, वेअरमथ येथे, संत पेत्राच्या नावाने मठ स्थापला. काही वर्षांनी तेथून जवळच जॅरो येथे संत पौलाच्या नावाने त्याचे जुळे भावंड उभे राहिले. जॅरोच्या चर्चचा अर्पणविधी २३ एप्रिल ६८५ रोजी झाला. त्याचा शिलालेख आजही त्या चर्चमध्ये आहे. बिस्कोप यांनी रोमच्या वाऱ्या किती कराव्यात! प्रत्येक वारीहून परतताना ते ग्रंथांच्या राशी घेऊन येत. चर्चच्या खिडक्यांना काचा बसवायला त्यांनी गॉलमधून कारागीर आणविले आणि उपासनेतील गायन शिकवायला रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचे मुख्य गायक योहान यांना सोबत आणले. मृत्युशय्येवर पडले असता त्यांनी आपल्या बांधवांना जे निर्वाणीचे सांगितले, त्यात एक गोष्ट अशी होती की, हा ग्रंथसंग्रह एकसंध राखा. हेळसांडीने तो नासू देऊ नका, त्याची पांगापांग होऊ देऊ नका.

त्यांच्या पश्चात दोन्ही मठांची धुरा चेओलफ्रिथ या मठाधिपतींकडे आली. त्यांनी ग्रंथसंग्रह जवळजवळ दुप्पट केला आणि संपूर्ण बायबलच्या तीन भव्य प्रती तयार करविल्या. कोडेक्स आमियातिनुस ही त्या तिघांतील एक.

आता पहिल्या आरोपाकडे वळू. चेओलफ्रिथ यांचे चरित्र त्यांच्याच एका मठबांधवाने लिहून ठेवले आहे. लेखकाने आपले नाव दिलेले नाही, पण तो डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. तीन प्रतींचे पुढे काय झाले, हे त्याने नोंदविले आहे. एक प्रत संत पेत्राच्या चरणी अर्पण करण्यासाठी राखून ठेवली. उरलेल्या दोन प्रती दोन मठांच्या दोन चर्चमध्ये ठेवल्या. कशासाठी? तर जुन्या वा नव्या करारातील कोणताही अध्याय ज्या कुणाला वाचण्याची इच्छा होईल, त्याला तो सहज सापडावा यासाठी. वाचकहो, हा हेतू आम्ही आमच्या सोयीसाठी चिकटविलेला नाही. आठव्या शतकाच्या आरंभी तो लिहिला गेला आहे. लपविण्याची वस्तू कुणी चर्चमध्ये उघड्यावर ठेवीत नाही, आणि ती लोकांना सहज सापडावी अशी तजवीज तर मुळीच करीत नाही.

ग्रंथाच्या पानांकडे पाहिले तरी हेच दिसते. मोठी, गोलसर, सुटी अक्षरे. पानावर दोन स्तंभ. आणि ओळी अर्थानुसार तोडलेल्या. ओळ जेथे संपते तेथे वाचणाऱ्याने श्वास घ्यावा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाक्याचा अर्थ लागेल, अशी ही मांडणी. संत जेरोम यांनीच ती पुरस्कारिली होती. तिच्यासाठी चर्मपत्र अधिक लागते, कारण कितीतरी ओळी अर्ध्याच भरतात. पाचशे वासरांची कातडी लागणाऱ्या ग्रंथात जागेची अशी उधळण कोण करील? ज्याला तो ग्रंथ मोठ्याने वाचला जावा आणि समजावा असे वाटते, तोच.

आणि ते साखळदंड? होय, पुढील शतकांत अनेक ग्रंथालयांत ग्रंथ साखळीने बांधलेले असत. पण साखळी कशाला बांधतात, याचा विचार करावा. घराच्या तिजोरीतल्या दागिन्याला कुणी साखळी लावीत नाही. पाणपोईवरच्या पेल्याला लावतात. जी वस्तू सर्वांसाठी उघड्यावर ठेवायची आणि तरीही चोरीला जाऊ द्यायची नाही, तिला साखळी लागते. इंग्लंडात धर्मसुधारणेच्या काळात, १५३८ च्या राजाज्ञेने, प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवण्याचा हुकूम झाला. तेव्हा ती बायबलेही अनेक ठिकाणी साखळीनेच बांधली होती. हेरफर्डच्या कॅथेड्रलमधील साखळ्यांचे प्रसिद्ध ग्रंथालय १६११ चे, म्हणजे इंग्लंड रोमपासून दुरावल्यानंतरचे आहे. साखळी हा गुन्हा असेल तर त्यात दोन्ही घरे सामील आहेत!

आमचा तरुण मित्र येथे थांबणार नाही, हे आम्ही जाणतो. तो म्हणेल, ''फादर, चर्चमध्ये ठेवले खरे. पण ते लॅटिनमध्ये. नांगर धरणाऱ्याला लॅटिन कुठून येणार?'' प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर आम्ही देणार नाही. सामान्य इंग्रज शेतकऱ्याला लॅटिन येत नव्हते. किंबहुना वाचताच येत नव्हते. तथापि लॅटिन ही लपविण्यासाठी शोधून काढलेली भाषा होती, हे मात्र साफ खोटे. संत जेरोम यांच्या काळी पश्चिमेकडील बाजारात, न्यायालयात, घरात लॅटिनच बोलली जाई. हिब्रू आणि ग्रीक न जाणणाऱ्या लोकांना शास्त्र कळावे म्हणूनच ते भाषांतर झाले होते. 'वुल्गाता' या शब्दाचा अर्थच मुळी 'सर्वांत रुळलेली' असा आहे. लोकभाषेतील बायबल म्हणूनच ती जन्माला आली.

आणि जेथे लॅटिन परकी होती, तेथे या मठवासींनी काय केले? ज्या मठात हा ग्रंथ लिहिला गेला, त्याच मठात संत बीड वाढले. वयाच्या सातव्या वर्षी आप्तांनी त्यांना मठाच्या स्वाधीन केले आणि तेथेच त्यांचे आयुष्य सरले. १८९९ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरविले. या बीड यांनी ७३४ मध्ये यॉर्कचे बिशप एग्बर्ट यांना एक पत्र लिहिले. त्यात ते आग्रहाने सांगतात की, ज्यांना लॅटिन येत नाही त्यांना, मग ते प्रापंचिक असोत की धर्मगुरू असोत, प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना त्यांच्या मातृभाषेत शिकवावी. आणि आपण स्वतः अनेक अशिक्षित धर्मगुरूंना या दोहोंचे इंग्रजी भाषांतर करून दिले आहे. पुढच्याच वर्षी, ७३५ च्या मे महिन्यात, ते मरणासन्न झाले. पायांवर सूज, श्वासाला धाप. अशा अवस्थेत अखेरच्या दिवसांत ते काय करीत होते? त्यांचे शिष्य कथबर्ट यांच्या पत्रातून कळते की, ते संत योहानाचे शुभवर्तमान इंग्रजीत उतरवीत होते. ज्याच्या ओठांवर शेवटचा श्वास असताना लोकभाषेतले शुभवर्तमान आहे, त्याच्यावर बायबल लपविल्याचा आरोप करणाऱ्याने जरा थांबावे.

त्याच प्रदेशातील लिंडिसफार्नचे लॅटिन शुभवर्तमानग्रंथ आपल्या सौंदर्यासाठी जगप्रसिद्ध आहेत. त्यांच्या पानांवर दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने लॅटिन शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत इंग्रजी शब्द लिहिले. चार शुभवर्तमानांचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने इंग्रजी रूप हेच. अशा देखण्या पानावर लेखणी चालविण्याचे धाडस त्याने केले, कारण पान सुंदर राहण्यापेक्षा ते कळणे त्याला अधिक मोलाचे वाटले.

आमच्याही घराचा दोष लपविण्याची आमची इच्छा नाही. पुढे दिवस पालटले. १४०९ मध्ये इंग्लंडात आर्चबिशप अरुंडेल यांचे नियम जारी झाले आणि बिशपांच्या संमतीवाचून शास्त्राचे नवे इंग्रजी भाषांतर करण्यास वा वाचण्यास मनाई झाली. १५३६ मध्ये बायबलचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडेल यांना पाखंडी ठरवून देहान्त शासन देण्यात आले. या गोष्टी घडल्या. त्या घडावयास नको होत्या. त्यांची कारणे सांगता येतील, समर्थन करता येणार नाही. परंतु पंधराव्या-सोळाव्या शतकातील भीतीचा ठपका आठव्या शतकातील उदारतेवर ठेवणे हा न्याय नव्हे. नातवाने केलेल्या कर्जासाठी आजोबांच्या थडग्यावर जप्ती आणावी, तसे ते होईल.

दुसरा आरोप आंधळ्या नकलाकारांचा. आमच्या साक्षीदाराला तोही मान्य नाही. बिस्कोप आणि चेओलफ्रिथ यांनी रोमहून आणलेल्या ग्रंथांत संपूर्ण बायबलचा एक मोठा खंड होता. तो जुन्या लॅटिन भाषांतराचा होता. नुसती नक्कलच करायची असती, तर समोर असलेला तो खंड उतरवून घेणे सर्वांत सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. एकाच खंडात संपूर्ण शास्त्र आणण्याची कल्पना त्यांनी त्या खंडावरून घेतली, पण मजकूर घेतला तो संत जेरोम यांच्या भाषांतराचा. आणि निरनिराळ्या पुस्तकांसाठी निरनिराळ्या मूळ प्रती जमवून, त्यांतील चांगली पारखून तो सिद्ध केला. या कामावर किमान सात लेखनिकांचे हात फिरले आहेत, असे हस्ताक्षरांच्या अभ्यासकांचे मत आहे. सात माणसांनी वर्षानुवर्षे एका वळणाची अक्षरे काढली, आणि त्यांतील एकानेही आपले नाव कोठे कोरून ठेवले नाही.

बीड यांच्याविषयी तर आणखी सांगता येईल. प्रेषितांच्या कृत्यांवर त्यांनी तरुणपणी भाष्य लिहिले होते. उतारवयात ग्रीक आणि लॅटिन मजकूर शेजारी शेजारी असलेली प्रत अभ्यासून त्यांनी त्या भाष्यावर दुसरे पुस्तक लिहिले आणि आपल्याच आधीच्या विधानांत दुरुस्त्या केल्या. आपली चूक आपणच जाहीर करणारा विद्वान आंधळा म्हणावा काय? आजच्या किती पंडितांना हे साधते?

या परिश्रमांचे मोल पुढच्या काळाने केले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोप सिक्स्टस पाचवे यांनी वुल्गाताची अधिकृत आवृत्ती काढण्याचे ठरविले, तेव्हा हा ग्रंथ मुद्दाम रोमला नेऊन संशोधकांपुढे ठेवण्यात आला. विसाव्या शतकात वुल्गाताच्या ज्या चिकित्सक आवृत्त्या निघाल्या, त्यांतही याची गणना पहिल्या दर्जाच्या प्रतींत आहे. ज्यांना नकलाकार म्हणून हिणवावे, त्यांच्या नकलेवरून तेराशे वर्षांनंतरचे प्राध्यापक आपले पाठ तपासतात!

तिसरा आरोप पळपुटेपणाचा. या मठांत एओस्टरवाइन नावाचे एक मठाधिपती होऊन गेले. मूळचे राजदरबारातील सरदार. बीड सांगतात की, ते इतर बांधवांबरोबर धान्य झोडपीत, उफणीत, गाई-मेंढ्यांचे दूध काढीत, भटारखान्यात आणि स्वयंपाकघरात राबत. ६८६ च्या सुमारास जॅरोच्या मठात साथीचा रोग शिरला. जे वाचू शकत, गाऊ शकत, ते सारे त्या साथीत दगावले. उरले दोघे : मठाधिपती चेओलफ्रिथ आणि एक लहान मुलगा. दोघांनीच दिवसरात्रीच्या स्तोत्रप्रार्थना चालू ठेवल्या. दुःखाने आणि दमणुकीने त्यांनी आठवडाभर स्तोत्रांमधली ध्रुवपदे वगळली. पण ते अपुरेपण चेओलफ्रिथ यांना सोसवेना. अश्रू ढाळीत त्यांनी पुन्हा सारे पूर्ववत सुरू केले आणि नवे बांधव तयार होईपर्यंत त्या मुलासह ते निभावून नेले. तो मुलगा म्हणजेच बीड असावेत, असे पुष्कळांना वाटते. पळून जाणारी माणसे अशा वेळी पळतात. ही दोघे जागेवर उभी राहिली आणि त्यांतील मोठ्याने पुढे तीन बायबले लिहवून घेतली.

तीही स्वतःसाठी नव्हेत. चेओलफ्रिथ ७४ वर्षांचे झाले होते. ४ जून ७१६ रोजी त्यांनी मठाधिपतिपद सोडले, रडणाऱ्या बांधवांचा निरोप घेतला आणि तिसरी प्रत संत पेत्राच्या चरणी वाहण्यासाठी ते रोमच्या वाटेला लागले. सोबत सुमारे ८० माणसे होती. बीड यांना हा वियोग इतका जिव्हारी लागला की, हाती असलेले शमुवेलाच्या पुस्तकावरील भाष्य काही काळ थांबले. तसे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. चेओलफ्रिथ रोमला पोहोचले नाहीत. २५ सप्टेंबर रोजी आजच्या फ्रान्समधील लांग्र या गावी त्यांनी देह ठेवला. काही सोबती घरी परतले, काही त्या थडग्यापाशीच राहिले आणि काही तो अवजड ग्रंथ घेऊन रोमकडे चालते झाले. जगाच्या टोकाला राहणाऱ्या नवख्या ख्रिस्ती समाजाने, ज्या रोमकडून आपल्याला शास्त्र मिळाले त्या रोमला, तेच शास्त्र अधिक शुद्ध करून परत दिले. कृतज्ञता याहून वेगळी काय असते?

येथवर आम्ही फिर्यादी पक्षाला उत्तर दिले. आता साक्षीदाराची उलटतपासणी करणे आम्हांला भाग आहे. कारण या ग्रंथाच्या पानावर एक जखम आहे आणि ती आमच्याच माणसाने केली आहे.

पुढे हा ग्रंथ टस्कनीतील मोंते आमियाता या डोंगरावरील मठात आला; त्यावरूनच त्याला आजचे नाव मिळाले. त्याच्या आरंभी अर्पणपत्रिका होती. इंग्रजांच्या दूरच्या सीमेवरून आलेला मठाधिपती चेओलफ्रिथ हे संत पेत्राला अर्पण करीत आहे, असा तिचा आशय. पेत्रुस नावाच्या कुणा मठाधिपतीने चेओलफ्रिथ यांचे नाव खरवडून आपले घातले, 'इंग्रजांच्या' या शब्दाच्या जागी 'लाँबार्डांच्या' असे लिहिले आणि संत पेत्राला दिलेले दान आपल्या मठाच्या नावे करून टाकले. नऊशे वर्षे सारे जग हा ग्रंथ इटलीत लिहिला गेला असेच समजत होते. १८८६ मध्ये दे रोस्सी या इटालियन पुरातत्त्ववेत्त्याने खरवडलेल्या जागेखालचे चेओलफ्रिथ यांचे नाव ओळखले. आणि लगेच हॉर्ट या इंग्रज पंडिताने त्या निनावी चरित्रात हीच अर्पणपत्रिका मूळ शब्दांत उतरवून ठेवलेली आहे, हे दाखवून दिले. एका नाव न सांगणाऱ्या मठबांधवाने दुसऱ्याचे नाव राखले होते. ते शेवटी उपयोगी आले.

आणि उरलेल्या दोन प्रती, ज्या कुणालाही सहज वाचता याव्यात म्हणून चर्चमध्ये ठेवल्या होत्या? एकीचा मागमूस नाही. दुसरीची पाने सोळाव्या शतकात सुटी करून नॉटिंगहॅमशरमधील एका जमीनदार घराण्याच्या मालमत्तेच्या कागदांना वेष्टन म्हणून वापरली गेली. चर्मपत्र मजबूत असते. शेतसाऱ्याचे कागद त्यात छान राहतात! ग्रीनवेल नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या हाती त्यातले एक पान न्यूकॅसलच्या दुकानात लागले; १९०९ मध्ये ते ब्रिटिश म्युझियमकडे गेले. नंतर आणखी काही पाने सापडली. आज जेमतेम बारा पाने आणि काही तुकडे शिल्लक आहेत. ज्या घराण्याने ती वापरली, ते ख्रिस्तीच होते. त्याच्या घरात बायबलची पाने होती. केवळ ती वाचण्याच्या कामी नव्हती.

तेव्हा 'बायबल कुणी लपविले?' या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ज्यांनी ते पाचशे कातड्यांवर लिहिले, त्यांनी लपविले नाही. ज्याने दानावर आपले नाव चढवून त्याला मालमत्ता केले, त्याने लपविले. ज्यांनी त्यात जमिनीचे कागद गुंडाळले, त्यांनी लपविले. आणि, वाचकहो, या यादीत आणखी एक नाव घालण्याची आम्हांला परवानगी असावी.

गृहभेटीच्या निमित्ताने आम्ही घरोघर जातो. बायबल नाही असे घर आमच्या धर्मग्रामात क्वचितच आढळेल. बहुतेक ठिकाणी ते काचेच्या कपाटात, कृत्रिम फुलांच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या वेष्टनात असते. काही घरी त्यात लाइटबिले आणि पॉलिसीच्या पावत्याही सापडल्या! लग्नात भेट मिळालेल्या प्रतीचे पहिले पान तेवढे उघडलेले असते, कारण त्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख असते. पुढची पाने एकमेकांना चिकटलेली. येथे कुलूप नाही, साखळदंड नाही, लॅटिन नाही. ग्रंथ आपल्या मायमराठीत आहे. तरीही तो जितका बंद आहे, तितका चेओलफ्रिथ यांच्या चर्चमध्ये कधीच नव्हता.

आमचाही यात वाटा आहे. पुलपीटवरून आम्ही धर्मगुरू सहलीच्या आणि वर्गणीच्या सूचना जितक्या तळमळीने देतो, तितक्या तळमळीने त्या दिवसाच्या वाचनाची तयारी करतो काय? हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारून पाहिला आणि उत्तर लिहिण्याजोगे मिळाले नाही. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, पवित्र शास्त्राकडे जाणारी वाट सर्व श्रद्धावंतांना मोकळी असली पाहिजे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रभूच्या वचनासाठी वर्षातील एक खास रविवार नेमून दिला. आम्हांला त्यात नवे काही दिसले नाही. जॅरोच्या मठाधिपतींनी तेच योजिले होते. आणि त्याच इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५७९ मध्ये गोव्यात पाऊल ठेवले आणि १६१६ मध्ये तेथील ख्रिस्ती जनांसाठी मराठीत 'ख्रिस्तपुराण' छापले, तेही याच वाटेने चालत होते. आपल्याला शास्त्र कुणी दिले नाही, अशी तक्रार करण्याचा अधिकार आपल्यापाशी उरलेला नाही.

म्हणून त्या तरुणाला, आणि माना डोलावणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांनाही, आमचे एक आव्हान आहे. आमच्या पूर्वजांवर आरोप करण्यापूर्वी आज रात्री घरातले बायबल कपाटातून खाली घ्यावे. वेष्टन फाडून टाकावे. संत योहानाचे शुभवर्तमान उघडून घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचावयास आरंभ करावा आणि रोज थोडे थोडे करीत सहाव्या अध्यायाच्या नवव्या वचनापर्यंत यावे. तेथे एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत. आणि इतक्या लोकांना हे कसे पुरणार, असा आंद्रेयाचा प्रश्न आहे. मरणोन्मुख बीड यांचे भाषांतर याच वचनापर्यंत आले होते, असे कथबर्ट सांगतात.

दहाव्या वचनापासून पुढे वाचावयाचे काम आपले आहे.